चोपडा ते पुणे: रात्रीची एसटी, मी एकटी आणि 5 किलो पीठ

जून 2023 मधली गोष्ट. पुण्यात इंटरव्ह्यू होता, झालंच काम तर लगेच जॉइन व्हायचं म्हणून राहायच्या तयारीनेच निघायचं होतं. तोपर्यंत माझा सगळ्यात लांबचा एकटीचा प्रवास म्हणजे चोपडा-जळगाव, तोही मैत्रिणींच्या घोळक्यात कॉलेजच्या पासवर, त्याला एकटीचा म्हणायचं का हाच प्रश्न आहे.

घरात आधी दोन दिवस ट्रॅव्हल्स का एसटी यावर चर्चा. स्लीपरला झोपून जाता येतं हे खरं, पण पप्पांचं म्हणणं की एसटी स्टँडवरून सुटते आणि स्टँडवरच सोडते, रात्री 3 वाजता हायवेच्या पुलाखाली उतरवून देत नाही. शिवाय मार्चपासून बायकांना अर्ध तिकीट सुरू झालं होतं, त्यामुळे आईचं मत आपोआपच एसटीला. रिझर्वेशन ॲपवरून केलं, आणि एक लक्षात ठेवा, तिकीट अर्ध असलं तरी रिझर्वेशनचा चार्ज वेगळा लागतो. कंडक्टर काका मोबाईलवरचं तिकीट बघतात आणि ओरिजिनल आधार मागतात, माझं आधार बॅगेत सगळ्यात खाली होतं, मग काय, अमळनेर येईपर्यंत कपडे उपसत बसले.

खिडकी पाहिजे म्हणून मी मागची सीट घेतली होती. नका घेऊ. मागच्या चाकावरची सीट म्हणजे प्रत्येक गतिरोधक आधी कमरेला कळतो मग डोक्याला. पुढच्या तीन-चार रांगा मिळाल्या तर खिडकी सोडून द्या. त्यात तापीचा पूल ओलांडला आणि पाऊस सुरू झाला, आणि माझ्या खिडकीची काच अशी की बंद केली तरी हादऱ्याने इंच इंच उघडत जायची. मी आपली दर पाच मिनिटांनी ढकलतेय. शेवटी मागच्या सीटवरच्या बाबांनी न बोलता देशोन्नतीचं एक पान काढलं, चार घड्या घातल्या, आणि काच आणि चौकटीच्या फटीत ठोसून दिलं. पुण्यापर्यंत हलली नाही काच. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एक पेपर असतोच.

रस्ता असा: अमळनेर, धुळे, मालेगाव, मनमाड, येवला, कोपरगाव, शिर्डी, राहुरी, नगर, शिरूर, पुणे. 400 किलोमीटरच्या वर आहे आणि मला साडेअकरा तास लागले. काही गाड्या चाळीसगाव-संभाजीनगरवरून जातात, म्हणून पाटीवर नुसतं पुणे बघून चढू नका, खाली बारीक अक्षरात मार्गे काय लिहिलंय ते वाचा. प्रत्येक मोठ्या स्टँडवर कंडक्टर कंट्रोलरकडे नोंद करायला उतरतो, तेवढ्या 5-10 मिनिटांत बाथरूमला जाऊन या. बायकांसाठी स्पष्टच सांगते, पाणी न पिता बसायची आयडिया करू नका, मी केली, नगरपर्यंत डोकं ठणकत होतं. त्यापेक्षा धुळ्याला उतरा. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन्ही हायवे तिथे एकत्र येतात त्यामुळे रात्रीसुद्धा स्टँडवर माणसं असतात, एकटं वाटत नाही. उतरताना कंडक्टरला सांगून उतरा आणि सुटे पैसे हातात ठेवा.

आता मुख्य फजिती. येवल्याच्या अलीकडे एका हॉटेलवर गाडी जेवायला थांबली, 20 मिनिटं. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिलेली होती पण मला हौस शेवभाजीची. शेवभाजी कसली, लाल पाण्यात शेव, आणि भाव विचारू नका. हात धुवून बाहेर आले तर ओळीने चार लाल गाड्या उभ्या, सगळ्या चिखलाने सारख्याच रंगलेल्या. एकीच्या काचेतून आत चोपडा दिसलं, चढले. माझ्या सीटवर एक आजी पाय वर घेऊन झोपलेल्या. मी म्हटलं आजी ही सीट माझी आहे, रिझर्वेशन आहे. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "तुले कथा जानं शे?" पुण्याला म्हटलं. तर म्हणे, "पोरी, हाई गाडी ते चोपडानी शे."

म्हणजे पुण्याहून येणारी! मी तशीच उडी मारली, आमची गाडी तोपर्यंत हॉर्न देत होती आणि पेपरवाले बाबा दारात उभे राहून कंडक्टरला सांगत होते, एक पोरगी राहिली, थांबा. पाच मिनिटं उशीर झाला असता तर सकाळी चहाला घरीच. तर उतरलं की पहिलं काम, गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढा. सीट नंबर सगळ्याच गाड्यांत असतो!

पुणे जवळ आल्यावर अजून एक. वाघोली, खराडी, येरवडा हे सगळं नगर रोडवरच लागतं, तिकडे कुठे जायचं असेल तर कंडक्टरला आधीच सांगून तिथेच उतरा, उगाच गावात जाऊन परत येऊ नका. आणि तिकिटावर शिवाजीनगर असलं तरी मेट्रोच्या कामामुळे स्टँड 2019 च्या शेवटी वाकडेवाडीला हलवलेलं. मला माहीत नाही, भावाला माहीत नाही. तो जुन्या स्टँडच्या जागी उभा आणि मी वाकडेवाडीला रिक्षावाल्यांच्या गराड्यात, प्रत्येक जण ताई कुठे जायचं. मी सरळ चौकशीच्या खिडकीजवळ जाऊन उभी राहिले, भाऊ येईपर्यंत हललेच नाही.

डिकीतून बॅग काढली तर खालून ओली. निघताना आई म्हणत होती पिठाच्या पिशवीला अजून एक प्लास्टिक घाल, मी म्हटलं कशाला, डिकीत कुठे पाऊस येतो. दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, पिठाचा वरचा चार बोटांचा थर मळून तयार होता. भावाने पिशवीत बोट घालून बघितलं आणि म्हणाला, पाणी जरा जास्त झालं.