खापरपणजोबा भांडले नसते तर सापडलेच नसते

आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्पिढ्या चालत आलीय, की आपली शंभर एकर जमीन होती आणि सावकाराने अंगठा घेऊन ती सगळी गिळली. लग्नकार्यात, दहाव्याला, कुठेही चार म्हातारे एकत्र बसले की ही गोष्ट निघणार आणि दरवेळी एकर वाढलेले असणार. मी म्हटलं बघूया तरी, ब्रिटिशांच्या काळात कागद तर ढीगभर झालेत, कुठेतरी आपलं कोणीतरी सापडेलच.

सुरुवात सातबारापासूनच करायची, दुसरा रस्ता नाही. सातबारावर नावाशेजारी गोलात जे आकडे असतात ते फेरफार नंबर, फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद, आणि ज्याचं नाव कमी झालं त्याला कंस केलेला असतो. त्या नंबरचा फेरफार काढायचा, त्यात आधीच्या माणसाचं नाव आणि तो कधी मयत झाला, वारस कोण, हे मिळतं, मग त्याच्या मागचा फेरफार, असं मागे मागे जात राहायचं. स्कॅन झालेले जुने कागद आता 'आपले अभिलेख' साइटवर पैसे भरून घरबसल्या मिळतात, सगळ्या गावांचे नाही पण बऱ्याच ठिकाणचे आहेत. नसतील तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज. तिथला अनुभव लिहीत नाही, ज्यांनी नकला काढल्यात त्यांना माहितीये.

पण हा रस्ता साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येऊन संपतो, कारण हक्कनोंदणीचा कायदाच मुंबई इलाख्यात १९०३ चा. त्याच्या आधी सरकारला फक्त सारा, म्हणजे जमिनीचा कर, कोण भरणार एवढ्याशी मतलब होता. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांची सर्व्हे सेटलमेंट, म्हणजे शेतं मोजून सारा ठरवायची पद्धत, इंदापुरात १८३६ ला लागू झाली, तीस वर्षांसाठी, तिथून पुढे प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, आकार (म्हणजे ठरलेला सारा) आणि एक खातेदार. एकच! खाली भाऊ-पुतणे किती कसतायत याचा पत्ता नाही. फेरफारात नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर घाबरू नका, एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे त्याच्यामागे अख्खा वाडा उभा आहे असं समजायचं. आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मूल लहान आणि बाप गेलेला, हे वाचलं की त्या घरात त्या साली काय झालं असेल ते कळतं.

माझ्या हातात आलेले फेरफार म्हणजे नुसता सांगाडा. अमुक मयत, वारस तमुक, मंजूर, सही. खापरपणजोबा माणूस कसा होता याचा काही पत्ता नाही. मग एका फेरफारात एक ओळ दिसली, की अमुक नंबरच्या दाव्यातल्या हुकूमनाम्यावरून (कोर्टाच्या डिक्रीवरून) गहाणाचा बोजा कमी केला. दाव्याचा नंबर आणि साल मिळाल्यावर कोर्टात विचारता येतं, त्याशिवाय नाही. कोर्टाची कागदपत्रं ठराविक वर्षांनी नष्ट करतात, निकाल आणि हुकूमनामा त्यातल्या त्यात जास्त टिकतो, आमच्या नशिबाने जबानीचे कागदही त्या गठ्ठ्यात राहिले होते.

इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय मजा कळणार नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडून कर्जाची खतं आणि वह्या जाळल्या, लोण पुणे आणि नगर जिल्ह्यात पसरलं. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर सगळा जोर, हे मला फार हुशारीचं वाटतं. सरकारने कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी रिलीफ कायदा आणला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात कोर्टावर अशी जबाबदारी टाकली की नुसतं खत बघून डिक्री द्यायची नाही, व्यवहार पहिल्या दिवसापासून कसा झाला, मूळ मुद्दल किती, व्याज किती चढवलं हे सगळं उकरून काढायचं, आणि हप्तेही बांधून देता येत. आता वंशावळ शोधणाऱ्याच्या दृष्टीने विचार करा, न्यायाधीश स्वतःच विचारतोय की पहिलं कर्ज कोणी, कधी, कशाला काढलं. यापेक्षा चांगला सवाल मला तरी सुचला नसता.

जबानीची सुरुवात ठरलेली. माझे नाव अमुक बिन तमुक, धंदा शेती, वय अजमासे चाळीस, राहणार मौजे अमुक, प्रतिज्ञेवर सांगतो की. बिन म्हणजे बापाचं नाव लगेच मिळालं, बाई असेल तर कोम आणि पुढे नवऱ्याचं नाव. वयावर मात्र विसंबू नका, तीस चाळीस पन्नास असे गोल आकडेच असतात. खाली सही नाही, निशाणी नांगर. खापरपणजोबांनी सांगितलंय की पहिलं कर्ज माझ्या बापाने काढलं, बहिणीच्या लग्नाला आणि सारा भरायला, मग बैल मेला म्हणून परत घेतलं, मग जुनं खत मोडून नवं केलं, आणि शेवटी मुद्दत खरेदी लिहून दिली, म्हणजे मुदतीत पैसे फेडले नाहीत तर जमीन सावकाराची. सावकाराच्या वकिलाने उलट विचारल्यावर चक्क म्हणतात, मला वाचता येत नाही पण किती दिले ते मला पाठ आहे. हे वाचून मी तिथल्या बाकावर एकटाच हसलो.

निकाल काय, तर कोर्टाने हिशेब करून रक्कम खाली आणली, हप्ते बांधून दिले आणि जमीन सुटली. म्हणजे सावकाराने गिळलीच नाही! ती गेली नंतर, हप्ते फिटल्यावर, साध्या खरेदीखताने, आणि घेणारा आमचाच चुलता, भावकीतला. शंभर एकर तर कधी नव्हतीच, सर्व्हे नंबरच्या आकारफोडीत, म्हणजे हिश्शांचं क्षेत्र आणि आकार वेगळे दाखवणाऱ्या कागदात, मिळून जेमतेम वीस भरते. घरी सांगितलं तर काका म्हणाले, कागद खोटे असतील. सावकाराला शिव्या घालणं सोपं, भावकीशी आपला अजून जेवणाखाण्याचा संबंध आहे ना.

एक गोष्ट मात्र खटकत राहते. ज्याच्याकडे जमीन होती, कर्ज होतं किंवा भांडण होतं तोच कागदावर आला. खापरपणजी एका ओळीत आहे, कोम लावून, आणि तिच्या मुली तर कुठेच नाहीत. आमच्या शेतात राबणारी बिनजमिनीची घरं शोधायची कुठे? वतनदार असतील, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल वंशपरंपरेने हक्क असलेले, महार वतन वगैरे, तर वतनाच्या कागदात सापडू शकतात, बाकीच्यांसाठी गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, हाच काय तो आधार. २०२३ पासून कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली तेव्हा या कोतवाल बुकांवरची धूळ एकदाची झटकली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांचे दिवस आले.

मोडी शिकाच असं मी सांगेन, पुराभिलेख विभाग वर्ग घेतं. आधी रेघ मारून त्याला अक्षरं टांगलेली, शब्दांत जागा सोडलेली नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पण महिनाभर डोळे फोडले की आपल्या गावाचं नाव तरी ओळखू येतं. बायकोचं माहेर मराठवाड्यातलं, तिथे निजामाचा कारभार त्यामुळे बरेच कागद उर्दूत, तो विषय मी अजून तिच्या भावावर सोडलाय. आणि जुने तालुके बघून घ्या हं, सुपे त्या काळी भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामतीत आहे, भीमथडी फक्त जत्रेच्या नावात उरलीय.

आता मला हवंय ते मूळ खरेदीखत. नोंदणी ऑफिसच्या इंडेक्समध्ये त्या सालाची पानं वाळवीने खाल्लीत, पण ज्या चुलत्याने जमीन घेतली त्याच्या पणतवंडांकडे पत्र्याची पेटी आहे अशी पक्की खबर आहे. त्यांच्याशी आमचं बोलणं बांधावरून गेली कित्येक वर्षं बंद. आत्याचं दोन्हीकडे जाणं-येणं आहे, तिला मध्ये घातलंय, ती म्हणाली आधी बांधाचं मिटवा, मग पेटीचं बोलते.