भाचीच्या साखरपुड्याला ड्रोन का नेलं नाही

"मामा, ड्रोन आणताय ना?" भाचीने हौसेने विचारलं होतं. मी नाही म्हणालो आणि ती हिरमुसली. खान्देशात आता गावोगावी ड्रोन दिसू लागलेत, म्हणून कारण जरा सविस्तर लिहितो.

कार्यालय होतं जळगावात, अजिंठा रोडला. विमानतळ त्याच बाजूला, कुसुंब्याला. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत हिरवा झोन, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येतं तो भाग, नसतोच, परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे आणि त्यापलीकडे, लाल-पिवळा झोन (परवानगीशिवाय उडवता येत नाही असा भाग) नसेल तिथे, ४०० फुटांपर्यंत. हे सगळं डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर रंगवून दिलेलं आहे. मी प्रत्येक वेळी नकाशा नव्याने बघतो, कारण झोन बदलतात.

"आपल्याकडे काय, सगळं मोकळं रान," असं लोक म्हणतात. पण वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे, दीपनगरला वीज केंद्र, तिथे कसलं मोकळं रान? आमचं शेत चोपडा तालुक्यात. शिरपूरकडची वैमानिक प्रशिक्षणाची छोटी विमानं या भागातही येतात. जुलै २०२१ मध्ये असंच एक विमान वर्डी शिवारात कोसळलं. त्याचा ड्रोनशी संबंध नव्हता, पण आभाळात आपण एकटे नसतो हे तेव्हापासून मनात पक्कं बसलंय. इंजिनाचा आवाज आला की मी ड्रोन लगेच खाली घेतो.

माझं ड्रोन २५० ग्रॅमच्या वरचं आणि २ किलोच्या आतलं, म्हणजे मायक्रो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हौसेसाठी मायक्रो उडवायला रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे ड्रोन चालवण्याचा परवाना, लागत नाही. नोंदणी करून युनिक नंबर मात्र घ्यावा लागतो, थर्ड पार्टी विमाही लागतो. नंबरसाठी मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (ते मॉडेल तपासून मंजूर केल्याचं प्रमाणपत्र) हवं, म्हणून ते पैसे मोजण्याआधी विचारा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, तरी "स्वस्तात देतो भाऊ" म्हणणारे भेटतातच. आणि लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन केलं की ती हौस राहत नाही, सर्टिफिकेट लागतंच. नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत जाऊ शकतो.

शेतात मी खळ्यावर ताडपत्री अंथरतो, नाहीतर धूळ सरळ मोटरमध्ये जाते. पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवतो. डोळ्याला न दिसणारी खाच नखाला लागते, आणि लागली की ते पातं बदलायचंच. परतीची उंची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येताना ज्या उंचीवरून येतं ती, बांधावरच्या चिंचेपेक्षा आणि विजेच्या टॉवरपेक्षा जास्त ठेवतो. तारा स्क्रीनवर दिसत नाहीत, म्हणून नजर ड्रोनवरच. केळीच्या बागेत पडलेलं ड्रोन शोधणं किती अवघड, ते केळीवाल्यांना सांगायला नको.

मे महिन्यात दुपारी उडवतच नाही. माझ्या ड्रोनच्या पुस्तिकेत ४० अंशांची मर्यादा दिलीय आणि आपल्याकडे पारा त्याच्या वर असतो. सकाळी लवकर उडवावं, पण घारी फिरायला लागल्या की उतरवावं.

शेजारच्या शेतात निंदणीला बाया असतील तर आधी बांधावर जाऊन सांगतो. एकदा एक मावशी म्हणाल्या, "आम्हाले नको दाखवजो भो त्या फोटोत." मी त्या दिवशी ड्रोन पिशवीतून काढलंच नाही.

साखरपुड्याचे फोटो भाच्याने गच्चीवरून मोबाइलने काढले. भाचीला मी सांगितलंय, लग्नानंतर जावईबापूंना घेऊन शेतावर ये, तिथे हिरवा झोन आहे.