आधी फोनचा आवाज पूर्ण वर नेऊन बघा

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. प्रश्न नेहमीचाच आहे: पाच हजारांच्या आत हेडफोनसाठी पोर्टेबल अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारी खिशातली डबी, कुठला घ्यावा? मी लगेच मॉडेलचं नाव सांगत नाही. आधी विचारते, तुमचा हेडफोन कुठला आणि तुम्ही ऐकता काय?

दुसरा प्रश्न अनेकांना गैरलागू वाटतो, पण निम्मं उत्तर त्यातच असतं. आजची चित्रपटगीतं तयार होतानाच आवाजाच्या कमाल पातळीला नेऊन टेकवलेली असतात. जुन्या मैफलीची टेप डिजिटल केलेली असेल, तर तिची पातळी सहज १० डेसिबलनं खाली असू शकते. १० डेसिबलची ती तूट भरून काढायला दहापट पॉवर लागते. म्हणून एकाच हेडफोनवर सिनेमाचं गाणं खणखणीत वाजतं आणि विलंबित ख्याल लांबून कुठून तरी येतोय असं वाटतं.

तेव्हा पैसे काढण्याआधी एक करा. रात्री घर शांत झालं की तुमच्याकडचं सगळ्यात हळू रेकॉर्डिंग लावा. नुसता तानपुरा चालू आहे, आलाप अजून खर्जातच आहे, असा भाग शोधा. फोनचा आवाज पाऊण भागापर्यंत नेल्यावर तो भाग आरामात ऐकू येत असेल, तर तुम्हाला अ‍ॅम्पची गरज नाही. पूर्ण वर नेऊनही कान टवकारावे लागत असतील, तर पुढचं वाचा.

उदाहरण म्हणून सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन घेऊ. त्याचा इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, ३०० ओहम. त्याला १ व्होल्ट दिला असं धरू. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, हे शाळेतलं सूत्र लावलं तर त्याला मिळतात जेमतेम ३.३ मिलिवॉट. तोच १ व्होल्ट ३२ ओहमच्या हेडफोनला ३१ मिलिवॉट देतो. खोक्यावर छापलेला मिलिवॉटचा मोठा आकडा बहुधा १६ किंवा ३२ ओहमचा असतो, तो बघून ३०० ओहमवाल्यानं खूश होऊ नये. जास्त ओहमचा हेडफोन असेल तर दुकानदाराला व्होल्ट विचारा. व्होल्ट दुप्पट झाले की ६ डेसिबल वाढतात.

कमी ओहमच्या, संवेदनशील इअरफोनची गोष्ट याच्या बरोबर उलटी. त्यांना ताकद नको असते, शांतता हवी असते. हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझा पहिला अ‍ॅम्प मी स्वतः बांधला, चू मॉय यांच्या आराखड्यावरून. त्यांच्या नावावरूनच त्याला सीमॉय म्हणतात, आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवलाय. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून ऑपअँप (आवाजाचा सिग्नल वाढवणारी चिप), रेझिस्टर आणि ९ व्होल्टची बॅटरी आणली. दोन संध्याकाळी सोल्डरिंग केलं. मोठ्या हेडफोनवर तो सुंदर वाजला. मग इअरफोन लावला आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच मागे पावसासारखी बारीक सरसर ऐकू आली. नॉब जरासा हलवला तर डावा कान मोठा, उजवा लहान. आणखी फिरवला तर कानठळ्या. मूळ आराखड्यात गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, ११ पट आहे आणि साध्या दुहेरी नॉबचे डाव्या-उजव्या कानासाठीचे दोन भाग सुरुवातीच्या टप्प्यात सारखे चालत नाहीत. मी १० किलो-ओहमचे दोन रेझिस्टर काढून २.२ किलो-ओहमचे घातले, गेन तीनच्या आसपास आला. तानपुऱ्याची जवारी विरत विरत थेट शांततेत जाताना मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकली. त्या दिवसापासून कुठलाही अ‍ॅम्प हातात आला की आधी गाणं न लावता नुसता ऐकते.

आता खरेदीचं. फोनला हेडफोनचं भोक नसेल, तर टाइप-सी डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या भोकात लावायचा छोटा जोड, तसाही लागणारच आणि त्याच्यात छोटा अ‍ॅम्प असतोच. फक्त त्यात डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा विजेचा सिग्नल करणारी चिप, आहे ना, हे विचारून घ्या. काही स्वस्त अ‍ॅडॅप्टरमध्ये नुसत्या तारा असतात आणि ते मोजक्याच फोनवर चालतात. अ‍ॅपलचं साधं डोंगल १ व्होल्टच्या आसपास देतं, युरोपात विकलं जाणारं त्याच्या निम्मं. बहुतेक इअरफोनना १ व्होल्ट भरपूर झाला. मात्र बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज पूर्ण वर जात नाही, तेव्हा आपल्या फोनवर लावून बघूनच घ्या. जास्त हवं असेल तर सिरस लॉजिकच्या सीएस४३१३१ चिपचे डोंगल बघा, २ व्होल्ट मिळतात. मूनड्रॉपच्या डॉन प्रोमध्ये ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जोडणीतून (दोन्ही कानांना वेगवेगळ्या तारा असलेल्या) ४ व्होल्ट मिळतात, पण हेडफोनची वायर बदलावी लागते, तो खर्च आधीच धरा. बॅटरीवाला वेगळा अ‍ॅम्प मी आज सुचवणार नाही. फोनचं भोक गेल्यापासून त्याच्या आधी डोंगल लावावंच लागतं आणि खिशात दोन डब्या होतात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. परवा मुंबईला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या मुलानं हाच प्रश्न विचारला. कॉलेजचा मुलगा, अ‍ॅम्पसाठी चार महिने पैसे साठवत होता. आवाज पुरत नाही, बेस तर येतच नाही, म्हणाला. फोन पूर्ण वर होता. मी म्हटलं, इअरफोन काढून दाखव. रबराची टोपी त्याच्या कानाला लहान होती, इंजिनाची घरघर थेट आत जात होती. माझ्या पाकिटातली नवी, मोठी टोपी त्याला दिली. त्यानं ती चढवली, कानात नीट बसवली, गाणं पुन्हा सुरू केलं आणि दचकून फोनचा आवाज कमी करायला लागला. खोपोली येईपर्यंत फोनचा आवाज निम्म्यावर आला होता.