संस्थेची शाळा आणि तिथं शिकलेल्या पोरी

आमच्या शाळेची स्मरणिका काढायचं चाललंय, आणि शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलंय. ग्रुपवर सगळ्यांचं म्हणणं एकच, दोन पानात आटप, स्थापना, इमारत, मुख्याध्यापकांची यादी, निकाल, झालं. पण मी जसजशी जुन्या लोकांशी बोलत गेले तसतसं वाटायला लागलं की आमची शाळा कळायची असेल तर ती सुरू झाली त्याच्या आधीचं बघायला पाहिजे, म्हणून स्मरणिकेत मावणार नाही ते इथं लिहितेय.

आमची शाळा तालुक्याच्या गावातली, धाराशिव जिल्ह्यातली. खाजगी, अनुदानित, आठवी ते दहावी, नंतर खाली पाचवीपर्यंत वाढली. पोरं-पोरी पहिल्यापासून एका वर्गात. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय सैन्यानं निजामाचं राज्य संपवलं त्यानंतर, थोड्याच वर्षात सुरू झाली. आता विचार करा, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला निघालं ते उर्दू माध्यमाचं, आणि वरचं शिक्षण, कचेऱ्या, नोकऱ्या सगळं उर्दूत. उर्दूशी माझं काहीच भांडण नाही, माझ्या आजोबांचं अक्षर उर्दूतच सुंदर होतं. पण घरात मराठी बोलणाऱ्या लेकराला हायस्कूलमध्ये गणित आणि इतिहास दुसऱ्या भाषेत शिकायला लागायचा, त्यात किती लेकरं मागं पडली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आणि लोकांनी स्वतःची शाळा काढायची म्हणलं तरी सरकारची परवानगी लागायची, सरकारला शाळेत राजकारणाचा वास यायचा.

तरी लोकांनी काढल्या. हैदराबादला विवेकवर्धिनी १९०७ ला, त्याच साली गुलबर्ग्याला नूतन विद्यालय, औरंगाबादला सरस्वती भुवन १९१५ ला. आणि आमच्या जिल्ह्यात, आताच्या लोहारा तालुक्यात, हिप्परगा. एवढंसं गाव, तिथं १९२१ ला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढं तिथं मुख्याध्यापक म्हणून आले ते व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व करणारे आपले स्वामी रामानंद तीर्थ. त्याआधी ते ना. म. जोशींबरोबर कामगारांच्या चळवळीत होते. हिप्परग्याला असतानाच त्यांनी संन्यास घेतला, पण शाळा नाही सोडली, हे मला फार मोठं वाटतं. तिथून १९३५ ला ते अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत गेले. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणायचे. मुकुंदराजांचं आणि दासोपंतांचं गाव, तिथं मराठी शाळा टिकवायला संन्याशाला मुख्याध्यापक व्हावं लागलं. आणि १९३८ ला तेच स्वामीजी निजामाविरुद्धच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हणल्याबद्दल उस्मानियातून पोरं काढून टाकली, त्यातली कितीतरी नागपूरला जाऊन शिकली.

हे सगळं मी का सांगतेय, तर आमच्या शाळेचे पहिले मास्तर हे असल्याच शाळांमधून शिकून आलेले होते. शाळा ही पगाराची जागा आहे हे त्यांच्या डोक्यात नव्हतंच. नांदेडला विचारवंत नरहर कुरुंदकरांना लोक शेवटपर्यंत गुरुजी म्हणायचे, ते प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, पुढं पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले तरी गुरुजीच. आपल्याकडं शाळामास्तरचा हा मान त्या काळातून आलाय.

आमच्याकडची शाळा एका वाड्यात भरायची असं जुने लोक सांगतात. पैसे कुठून? व्यापाऱ्यांनी दिले, शेतकऱ्यांनी ज्वारी दिली, कुणी नुसतं सागवान दिलं, कुणी जागा. संस्थेचे लोक बैलगाडीतून गावोगाव फिरून गोळा करायचे. मग हळूहळू अनुदान आलं, शिक्षकांचे पगार सरकारकडून यायला लागले, १९७७ च्या कायद्यानं खाजगी शाळेतल्या शिक्षकांना नोकरीचं संरक्षण मिळालं. इमारत मात्र संस्थेनंच बघायची, म्हणून आमच्या शाळेच्या प्रत्येक खोलीवर कुणाच्या ना कुणाच्या आईवडिलांच्या नावाची फरशी आहे.

आता पोरी. मोठ्या गावात मुलींच्या वेगळ्या शाळा झाल्या, औरंगाबादला शारदा मंदिर आहेच. आमच्या गावात दोन शाळा चालवायची ऐपतच नव्हती. त्यामुळं एकच शाळा, एकच वर्ग, डावीकडं पोरी उजवीकडं पोरं. संस्थेच्या काही लोकांना ते पटलेलं नव्हतं म्हणतात, पण माझं मत असं झालंय की या नाईलाजानं जेवढ्या पोरी शिकल्या तेवढ्या वेगळ्या शाळेत शिकल्याच नसत्या, निदान आमच्या भागात तरी.

कारण बघा. आसपासच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. आठवीला तालुक्याला यायचं म्हणजे एसटी, नाहीतर चार-पाच कोस पायी. पोरगी सातवी झाली की घरात विषय निघायचा, पुरे झालं आता. तिथं आमचे मोठे सर (मुख्याध्यापकांना आम्ही मोठे सरच म्हणायचो) जून महिन्यात स्वतः गावोगाव जायचे आणि बापाला एकच विचारायचे, पोरगा येतोय ना आमच्याकडं? मग पोरीला त्याच्याच संगं पाठवा, एकाच शाळेत आहेत, एकाच गाडीनं येतील जातील. भाऊ, चुलतभाऊ, गल्लीतला पोरगा, कुणीतरी संगं असायचंच. वेगळी कन्या शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला असती तर हे बोलताच आलं नसतं.

पण याची दुसरी बाजू पण आहे आणि ती स्मरणिकेत यावी असं मला मनापासून वाटतं. भाऊ दहावीत नापास झाला की त्याची शाळा सुटायची, आणि त्याच्यामुळं बहिणीची पण, मग ती वर्गात पहिली येणारी का असेना. माझ्या वर्गातली एक हुशार मैत्रीण अशीच नववीत गेली, पुढं दोन वर्षांनी भेटली तेव्हा कडेवर लेकरू होतं. ज्या शाळेत पोरीला भावाच्या जिवावर यावं लागतं तिथं तिचं शिक्षण तिचं स्वतःचं झालेलं नसतं. हे बदलायला मुलींची बारावीपर्यंत फी माफ व्हावी लागली, अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळावा लागला, नंतर सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या, पोरींना शाळेत नेणाऱ्या त्या निळ्या बस आल्या. निळी बस आली आणि मग पोरींना भाऊ लागेना. आणि हो, मुलींसाठी वेगळं नीट बाथरूम, ते आमच्या शाळेत फार उशिरा झालं, त्याआधी पोरी दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत.

एका वर्गात बसल्याचा पोरांवर काय परिणाम झाला हे पण विचारलं मी काही जणांना. एक जण आता शेती करतो, म्हणाला की प्रयोगशाळेत पोरी आमच्यापेक्षा जास्त बरोबर करायच्या, ते डोळ्यानं बघितलं म्हणून मी माझ्या लेकीला लातूरला बारावी सायन्सला ठेवलं. मला हे उत्तर कुठल्याही निकालाच्या टक्क्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आता शाळेची पटसंख्या कमी होत चाललीय. गावात पिवळ्या बसवाल्या इंग्रजी शाळा आल्यात, ज्याला परवडतं तो तिकडं घालतो. आणि मी बघतेय की कितीतरी घरात पोरगा तिकडं आणि पोरगी आमच्या शाळेत, कारण इथं फी नाही. एकेकाळी एकाच वर्गात बसणारी भाऊ-बहीण आता अशी वेगळी झालीत, याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही. संस्थेनं सेमी इंग्रजी सुरू केलंय, चांगलं केलं, पण नव्या शिक्षकांची भरती रखडल्यावर शिकवणार कोण?

२०२३ ला कुणबी नोंदी शोधायचं सुरू झालं तेव्हा सगळीकडं जुन्या शाळांची रजिस्टरं कपाटातून बाहेर निघाली. आमच्या शाळेचंही दाखल-खारीज रजिस्टर निघालं, त्यानिमित्तानं मी ते बघून घेतलं. पहिल्या पानांवर पोरींची नावं अगदी तुरळक, आणि बहुतेकींच्या पुढं शाळा सोडल्याचं कारण लिहिलंय 'लग्न' नाहीतर 'घरकाम'. काही रकाने कोरेच आहेत. मला स्मरणिकेत मुख्याध्यापकांच्या यादीआधी या पोरींची यादी छापायचीय. तुमच्यापैकी कुणाची आई, आजी, आत्या आमच्या शाळेत सुरुवातीच्या वर्षात होती असं कळलं तर त्यांना नक्की विचारा, शाळेत कसं यायच्या, कुणाबरोबर यायच्या, आणि शाळा का सुटली, आणि मला कळवा. फोटो नसला तरी चालेल.