ओरणाची हद्द चालत गेलो तो दिवस

जैसलमेरला कामासाठी गेलं की हॉटेलच्या काउंटरपासून गाडीवाल्यापर्यंत सगळे आधी एकच विचारतात, मॅडम, सम बघितलं का. सम म्हणजे शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या वाळूच्या टेकड्या, तिथे तंबूंचे कॅम्प, उंटाची सवारी, जीप, रात्री शेकोटी आणि नाच. त्या कॅम्पांबद्दल माझी तक्रार नाही, नाचणाऱ्या कालबेलिया बायका आणि मांगणियार वादक यांच्या घरातली चूल बऱ्यापैकी त्या सीझनवर पेटते. पण आमच्या रिपोर्टमध्ये 'प्रदेशाची सांस्कृतिक ओळख' असा एक भाग असतो आणि त्यात दरवेळी हेच फोटो जातात, रंगीत साफा, उंट, मावळता सूर्य. मार्च महिन्यातल्या त्या एका दिवसानंतर मला तो भाग तसा भरणं जमेनासं झालंय, म्हणून हे लिहितेय.

मी जीआयएसवाली, नकाशे करते. काम असं होतं की जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ओरणाची हद्द गावकऱ्यांसोबत पायी चालून जीपीएसवर घ्यायची. (ओरणाचं नाव देत नाही, प्रकरण अजून चालू आहे.) ओरण म्हणजे देवाच्या नावाने सोडून दिलेली जमीन, आपल्या देवराईची मारवाडी बहीण म्हणा हवं तर, फक्त देवराई बहुतेकदा थोडक्या जागेत मावते आणि ही हजारो बिघे पसरलेली असते. झाडीही दाट नाही, खेजडी, केर, जाळ, बोरडी अशी लांब लांब उभी झाडं आणि मधे सेवण गवत. नियम असा की कुऱ्हाड लावायची नाही, नांगर घालायचा नाही, गुरं मात्र कुणाचीही असोत, चरू द्यायची. ह्या ओरणात तर वाळून पडलेलं लाकूडसुद्धा घरी नेत नाहीत, देवीच्या प्रसादाचा स्वयंपाक असेल तर तेवढंच उचलतात.

आता गंमत नाही, दुःखाची गोष्ट अशी की महसुलाच्या कागदावर ह्यातलं काहीच नाही. स्वातंत्र्यानंतर जमिनींची मोजणी झाली, ज्याने त्याने आपापलं शेत नावावर करून घेतलं, पण देवीची जमीन कोण कुणाच्या नावावर करणार, त्यामुळे अशी कितीतरी ओरणं 'सिवाय चक' म्हणजे कुणाचीच नसलेली सरकारी जमीन म्हणून नोंदली गेली. पुढे पवनचक्क्या आल्या, सोलर आलं आणि मोकळी जमीन शोधताना नेमकी हीच दिसली. ओरणावरून हायटेन्शन लाइनी गेल्या, आणि हा गोडावणाचा म्हणजे माळढोकाचा इलाका, राजस्थानचा राज्यपक्षी, तारांना धडकून मरतो हे आता सगळ्यांना माहीत झालंय. १८ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थान सरकारला सांगितलं की ओरणांचं जमिनीवर जाऊन आणि सॅटेलाइटवरून मॅपिंग करा आणि त्यांना संरक्षण द्या. आमचं काम म्हणजे गावाच्या बाजूने त्याचाच पुरावा तयार करणं.

सकाळी देवीच्या थानापासून म्हणजे ठाण्यावरून, तिच्या देवळीपासून निघालो. बरोबर एक म्हातारे राजपूत उंटवाले, त्यांना सगळे बासा म्हणत होते, दुसरे शेजारच्या ढाणीतले म्हणजे वस्तीतले सिंधी मुसलमान चाचा ज्यांच्याकडे थारपारकर गाई आहेत, आणि गावातली चार-पाच तरुण पोरं. मी टॅबलेटवर सॅटेलाइट इमेज उघडून दाखवली, पिवळट करडा रंग आणि मधून जाणारी टॉवरची रांग, बाकी बघायला काही नाही. बासांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, बाईसा, हे खिशात ठेवा, आधी चला.

चालायला लागल्यावर दोघं आळीपाळीने सांगायला लागले आणि मला लिहून घेणं पुरेना. हा दगडांचा ढीग, इथून वळायचं. हा जुंझार, म्हणजे गाई पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्या माणसाचा कोरीव उभा दगड, ह्याला उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. ही जाळ झाडांची जोडी. हद्द पहिल्यांदा कशी आखली तर गंगाजळ आणि दुधाची धार सोडत लोक चालत गेले, ती धार जिथून गेली ती हद्द, असं बासांनी सांगितलं आणि लगेच चाचांनी त्यात दुरुस्ती केली की नाल्याच्या अलीकडून गेली होती, पलीकडून नाही. एका हिंदू देवीच्या जमिनीची हद्द एक मुसलमान गुराखी दुरुस्त करतोय आणि बासा मान डोलावतायत, ह्यात त्यांना दोघांनाही काही विशेष वाटत नव्हतं, ह्या भागात रामदेवजी ह्या लोकदेवाला रामसा पीर म्हणून मुसलमानही मानतात तिथे ह्याचं काय नवल, पण मी तो तपशील जसाच्या तसा वहीत उतरवला.

दुपारी एका ठिकाणी अडलं. दगडाळ उंचवटा, त्याला तिकडे मगरा म्हणतात, आणि पलीकडच्या गावचे दोन गुराखी तिथे आधीच येऊन उभे होते, त्यांचं म्हणणं हद्द उंचवट्याच्या खालून जाते, बासांचं म्हणणं माथ्यावरून. मला वाटलं आता आवाज चढणार, मग पंचायत, मग आमचा एक दिवस गेला. तसं काहीच झालं नाही. बासांनी त्यांना एवढंच विचारलं की इथे पडलेलं पाणी कुठे जातं? ते दोघं जरा थांबले, एकाने मागे वळून उताराकडे बघितलं आणि म्हणाला, तुमच्या टोब्यात. झालं, विषय संपला. टोबा म्हणजे ओरणातलं तळं, आणि त्याच्याकडे जेवढ्या जमिनीवरचं पाणी वाहत येतं तो आगोर. आगोर ओरणाबाहेर ठेवलाच नव्हता कुणी. जैसलमेरला वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आत पाऊस, तोही काही दिवसांतच पडून जातो, तेव्हा टोब्याला पाणी देणारी जमीन ओरणाबाहेर सोडून नुसत्या टोब्याची पूजा करून काय उपयोग, हे ज्यांनी धार सोडली त्यांना पक्कं माहीत असणार.

तिथेच खडकावर बसून मी टॅबलेट काढला. ऑफिसने तीस मीटरचा उंचीचा डेटा दिलेला असतो, त्यावर टोब्याचा बिंदू देऊन पाणलोटाची रेषा काढली आणि सकाळपासून चाललेला जीपीएसचा ट्रॅक वर ठेवला. मगऱ्याच्या पूर्ण बाजूला दोन्ही रेषा जवळजवळ एकावर एक बसल्या. मी ते बासांना दाखवलं तर ते फार प्रभावित वगैरे झाले नाहीत, पाणी उताराला जातं हे मशीनलाही कळतं एवढंच त्यांना त्यातून समजलं असावं, पण मला घसा दाटून आला हे खरं आहे. वाळूच्या बाजूला अर्थात तसं जुळलं नाही, तिथे जमीन इतकी सपाट की त्या डेटावर भरवसा ठेवता येत नाही. आणि एका जागी तर रेषा उतार सोडून सरळ बाहेर निघाली होती आणि जाळ झाडाच्या एका झुडपाला वळसा घालून परत आत आली होती. कारण विचारलं तर, व्यायला झालेल्या सांडणी तिथे सावलीला जाऊन बसतात. म्हणून ती सावली ओरणात घेतली. बास.

पुढे टोब्यावर पोचलो. मार्चमध्ये वर पाणी नव्हतंच, तळाचा चिखल भेगाळलेला, पण त्या तळातच बेऱ्या खोदलेल्या, अरुंद तोंडाच्या खोल विहिरी. तळ्यात साठलेलं पाणी वरून उन्हाने उडतं तेवढंच खाली मुरतंही, ते मुरलेलं पाणी झिरपत बेरीत जमतं, आणि तोंड अरुंद ठेवल्यामुळे वाफ कमी होते, कचरा-वाळू कमी पडते. एका बेरीत एका वेळी थोडंच पाणी असतं, काढलं की परत झिरपेपर्यंत थांबायचं. तिथे पाणी काढणाऱ्या बायकांनी मला बसवून घेतलं, पुरुष मागे राहिले आणि मग जी माहिती मिळाली ती बासांकडूनही मिळाली नसती. कुठली बेरी कुणाची, कुणाकडे लग्न असलं तर कुणी आपली पाळी सोडायची, आगोरात चप्पल घालून जायचं नाही, तिथे कुणी शौचाला बसलं तर काय होतं, मेलेलं जनावर किती लांब ओढून न्यायचं, पावसाआधी सगळं गाव मिळून गाळ काढतं त्याला ल्हास म्हणतात आणि त्याला न येणाऱ्या घराकडे लोक कसं बघतात. एक म्हातारी बाई म्हणाली की आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी लोक टोबा बघून जातात. बाकीच्या हसल्या पण नाही कुणी म्हणालं नाही.

मला कोमल कोठारींची फार आठवण झाली तिथे. राजस्थानच्या लोकसंगीताचं त्यांनी केवढं काम केलं, १९६० मध्ये बोरुंदा गावात लेखक विजयदान देथांसोबत रूपायन संस्थान काढलं, मांगणियार-लंगांना जगासमोर आणलं, पण हा माणूस संस्कृती समजून घ्यायला बाजरी, ज्वारी आणि मका कुठे कुठे पिकतो ह्यापासून सुरुवात करायचा, आणि जोधपूरजवळ अरणा-झरणाला जे थारचं म्युझियम उभं राहिलं त्यात तलवारी-दागिने नाहीत, झाडू आहेत. कुठल्या गवताचा, कुणी बांधलेला, घरात कुठला आणि अंगणात कुठला. मी ते म्युझियम आधी पाहिलं होतं आणि आवडलंही होतं, पण असं का केलं असेल ते मला टोब्याच्या काठावर बसल्यावर नीट समजलं. मला वाटतं वाळवंटाची खरी ओळख ह्या पाळण्यात आहे, म्हणजे कोणती गोष्ट करायची नाही, कुणासाठी थांबायचं, कुणाच्या गुरांना अडवायचं नाही, हे जे लोक न सांगता पाळतात त्यात. साफा, गाणं, केर-सांगरीची भाजी हे सगळं त्यातूनच उगवतं. सांगरी येते खेजडीवरून, आणि खेजडी उभी आहे कारण ती तोडायची नाही असं कुणीतरी ठरवलं, १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात बिश्नोई समाजाच्या ३६३ लोकांनी त्या झाडांसाठी जीव दिला हे तर तिकडच्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. झाड, गवत आणि टोबा गेला तर कॅम्पात गाणं चालूच राहील, पण त्या गाण्यातला पाऊस कुणाला कळणार?

उंटांचं तेच. २०१२ च्या पशुगणनेत राजस्थानात सव्वातीन लाख उंट होते, २०१९ ला २ लाख १३ हजार राहिले. राज्याने उंटाला राज्यपशू केलं २०१४ मध्ये, चांगलंच केलं, पण बासा म्हणाले उंटाला मान नको, चरायला जागा पाहिजे. त्यांची तीन मुलं आहेत, त्यातला एकच उंटांमागे जातो.

परत निघताना चाचांनी विचारलं ते मला अजून छळतंय. हे कोर्टाचं झालं की ओरण जंगलखात्याकडे जाणार ना, मग उद्या आमच्या गाई आत सोडायला परवानगी घ्यावी लागेल का? मी म्हटलं की कोर्टाने लोकांना सोबत घेऊनच करायला सांगितलंय, सामुदायिक राखीव क्षेत्राचाही रस्ता आहे, त्यात गावाची समिती असते. ते म्हणाले, बाईसा, कागदावर आम्ही नव्हतो तर जमीन गेली, आता जमीन येईल तर आम्ही कागदावर असू ना? ह्याला माझ्याकडे खात्रीचं उत्तर नव्हतं आणि खोटं बोलायची इच्छा नव्हती, मी सांगितलं की नकाशात चराईचे रस्ते आणि कुणाची गुरं कुठून येतात ते सगळं टाकते, म्हणजे निदान 'इथे कुणी येत नव्हतं' असं कुणी म्हणू शकणार नाही.

तसं टाकलंय. रिपोर्टमधल्या 'सांस्कृतिक ओळख' ह्या भागात आता आगोराचे नियम आहेत, बेऱ्यांची पाळी आहे, ल्हास आहे, जुंझाराची जागा अक्षांश-रेखांशासकट आहे, आणि त्या सांडणीच्या सावलीची कारणासहित नोंद आहे. साहेबांनी वाचून फोन केला, म्हणाले हे पाण्याच्या भागात हलवूया का. मी नको म्हटलं, बराच वेळ बोललो, शेवटी त्यांनी तिथेच राहू दिलं आणि मुखपृष्ठावर उंटाचा फोटो घेतला, त्याला माझी हरकत नव्हती, उंट बासांचाच होता.

वाळूकडची बाजू अजून बाकी आहे. ती उन्हाळ्यात चालून उपयोग नाही असं बासांचं म्हणणं, तिथला उतार डोळ्याला दिसत नाही, पहिला मोठा पाऊस झाला की त्याच दिवशी फोन करतो, पाणी वाहत असतानाच मागोमाग चालायचं. ऑफिसला मी तारखेऐवजी तेच कळवलंय.