नाताळात ऐकायचं काय?

डिसेंबर जवळ आला की कुणीतरी विचारतंच, "नाताळची गाणी तर सगळीकडे वाजतात, पण ज्यात खरोखर ख्रिस्तजन्माचा अर्थ सापडेल असं काय ऐकू?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

आधी चाल बाजूला ठेवून नुसते शब्द वाचा. 'जिंगल बेल्स' १८५७ सालचं. त्यात बर्फावरच्या घोडागाडीची धमाल आहे, नाताळचा उल्लेखच नाही. खुशाल गा, पण अर्थ हवा असेल तर पुढे चला. 'जॉय टू द वर्ल्ड'मध्येही गोठा नाही, मेंढपाळ नाहीत, ताराही नाही. इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्सने ते १७१९ मध्ये बायबलमधल्या ९८ व्या स्तोत्रावरून लिहिलं. राजा येतोय म्हणून रानं, डोंगर सगळे गातात. लोक बऱ्याचदा गाळतात ते तिसरं कडवं मला सर्वांत मोलाचं वाटतं: जिथवर शाप पोचलाय तिथवर आशीर्वाद पोचवायला तो येतो. दुःखात असलेल्या माणसालाही हे म्हणता येतं.

दुसरं म्हणजे, आनंदाची घाई नको. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, वाट पाहण्याचे. 'ओ कम, ओ कम, इमॅन्युएल' त्या दिवसांसाठीच आहे. १७ ते २३ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेत म्हटल्या जाणाऱ्या प्राचीन लॅटिन ओळींतून ते आलं. दर संध्याकाळी येणाऱ्याला एका नव्या नावाने हाक मारायची: ज्ञान, दाविदाची किल्ली, उगवती पहाट आणि शेवटी इम्मानुएल, म्हणजे 'देव आमच्याबरोबर'. चाल उदास आहे, आणि ती तशीच हवी.

संगीतकार हँडेलच्या 'मसीहा' या ऑरेटोरिओतला (वाद्यवृंदासह गायली जाणारी मोठी धार्मिक रचना) हालेलुया हा समूहस्वर सगळ्यांना ठाऊक असतो, पण तो दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो, जन्माच्या भागात नव्हे. नाताळासाठी पहिला भाग ऐका. सुरुवातीचं गंभीर वादन संपतं आणि एकटा पुरुषस्वर बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचे सांत्वनाचे शब्द गाऊ लागतो. त्या जागी मला दरवेळी भरून येतं.

आणि वेळ काढता आला तर जर्मन संगीतकार बाखचा 'ख्रिसमस ऑरेटोरिओ'. १७३४ च्या नाताळासाठी रचलेले हे सहा भाग २५ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंतच्या सणाच्या दिवसांत वाटून गायचे होते. शब्द जर्मन आहेत, भाषांतर हाताशी ठेवा. पहिल्या भागात मंडळी, म्हणजे भक्तसमुदाय, विचारते, प्रभू, तुझं स्वागत कसं करू? त्या प्रश्नाला चाल दिली आहे ती ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या गीताशी जोडली गेलेली. जन्माच्या पहिल्याच दिवशी क्रूसाची आठवण! सहाव्या भागाच्या अखेरीस तीच चाल परत येते, पण तुताऱ्यांच्या गजरात, विजयाची होऊन. म्हणून हे एका बैठकीत उरकू नका. एका दिवशी एकच भाग ऐका, आणि २५ तारखेनंतरही ऐकत राहा.