कम्प्लायन्सची फाईल जाड आहे, पण विचारणाऱ्याचं पुढे काय होतं?

पुण्यात मेडिकल कोडिंगमधे (डॉक्टरांच्या नोंदी वाचून बिलासाठी कोड लावायचं काम) असाल तर तो वार्षिक कम्प्लायन्स म्हणजे नियमपालनाच्या ट्रेनिंगचा प्रकार माहीतच असेल, सगळे नेक्स्ट नेक्स्ट दाबत शेवटच्या क्विझला पोचतात, पास झाले की सर्टिफिकेट येतं आणि विषय संपतो. मी कोडिंग ऑडिटला आहे, अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट, म्हणजे पेशंटच्या नोंदी बघते. मला आता हे असलं ट्रेनिंग, पॉलिसी, हॉटलाइनचं पोस्टर वगैरे बघून काहीच वाटत नाही, मी एकच गोष्ट बघते, एखाद्याने "हे बिल बरोबर नाहीये" म्हटलं तर त्याला उत्तर मिळतं की त्याची टीम बदलते.

जेम्स आल्डरसनची केस घ्या. मोंटाना राज्यातल्या व्हाइटफिश गावातल्या छोट्याशा हॉस्पिटलचा हा हिशेब बघणारा माणूस. १९९० मधे क्वोरम नावाच्या कंपनीकडे हॉस्पिटलचं मॅनेजमेंट गेलं आणि त्याला सांगण्यात आलं की मेडिकेअरचे (अमेरिकन सरकारची मुख्यतः ज्येष्ठांसाठीची आरोग्य विमा योजना) कॉस्ट रिपोर्ट, म्हणजे खर्चाचे हिशेब, दोन बनवायचे, एक सरकारला द्यायचा फुगवलेला, दुसरा आपल्यापाशी ठेवायचा, म्हणजे उद्या ऑडिटरने पकडलंच तर किती पैसे परत द्यावे लागतील ते आधीच माहीत. तो नाही म्हणाला, नोकरी गेली. १९९३ मधे त्याने फॉल्स क्लेम्स ॲक्टखाली केस टाकली, क्वोरमवर आणि क्वोरम आधी जिचा भाग होती त्या एचसीए या बड्या हॉस्पिटल कंपनीवरही. हा कायदा लिंकनच्या काळातला, १८६३ चा, आणि त्यात सरकारच्या वतीने साधा माणूसही दावा करू शकतो. एचसीएला २००० आणि २००३ च्या सेटलमेंट मिळून सुमारे १.७ अब्ज डॉलर भरावे लागले (त्यात बाकीच्या तक्रारीही होत्या) आणि वर आठ वर्षांचा इंटिग्रिटी ॲग्रीमेंट, म्हणजे सरकारच्या देखरेखीखाली नियम पाळण्याचा करार. एका अकाउंटंटचं तेव्हा ऐकलं असतं तर कितीला पडलं असतं, करा हिशेब!

म्हणूनच अमेरिकेच्या आरोग्य खात्याचं ओआयजी ऑफिस (गैरव्यवहारांवर नजर ठेवणारं) नोव्हेंबर २०२३ च्या गाईडन्समधे सरळ म्हणतं की कम्प्लायन्स ऑफिसरने लीगल किंवा फायनान्सच्या हाताखाली असू नये, त्याने सीईओला नाहीतर थेट बोर्डाला रिपोर्ट करावं. सात मुद्दे आहेत त्यात, पॉलिसी, ट्रेनिंग, ऑडिट, शिस्त वगैरे, पण खरी गोम इथेच आहे. ज्याचा बोनस महिन्याच्या कलेक्शनवर ठरतो त्याच्याकडेच जास्तीच्या बिलाची तक्रार न्यायची म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं.

आमच्या कामातलं उदाहरण द्यायचं तर कॉपी पेस्ट नोट्स. एका चार्टमधे पेशंटचा डावा पाय गुडघ्याखाली कापलेला, ऑपरेशनची नोंद स्पष्ट, आणि पुढच्या प्रत्येक व्हिजिटला तपासणीत लिहिलंय दोन्ही पावलांवरच्या नाड्या व्यवस्थित लागतात. डॉक्टर वाईट नसतो हो, सॉफ्टवेअर मागची नोट आपोआप ओढून आणतं आणि तो सही करतो, पण त्याच नोटवर ९९२१३ या व्हिजिटच्या कोडच्या जागी ९९२१४ हा जास्त पैशांचा कोड लागला की सरकारच्या दृष्टीने तो जास्तीचा क्लेम. अशा वेळी नुसता तो एक चार्ट दुरुस्त करून भागत नाही, त्या डॉक्टरचे आणखी चार्ट काढावे लागतात आणि किती मागेपर्यंत हे चाललंय ते शोधावं लागतं. जास्तीचे पैसे आलेत हे कळलं की ६० दिवसांत परत करायचे, २०२५ पासून नीट चौकशी चालू असेल तर हे घड्याळ १८० दिवसांपर्यंत थांबवता येतं. माहीत असून पैसे दाबून ठेवले की तोच फॉल्स क्लेम्स ॲक्ट लागतो, नुकसानीच्या तिप्पट वसुली आणि प्रत्येक क्लेममागे दंड वेगळा.

चांगल्या क्लायंटकडे आमची क्वेरी (नोटबद्दल डॉक्टरला विचारलेली शंका) गेली की डॉक्टरचं उत्तर येतं, कधी चिडून येतं पण येतं. काहींकडे मात्र महिनोन् महिने ओपन पडून असते आणि कॉलवर विषय काढला की "लेट्स टेक इट ऑफलाइन". ऑफलाइन कुणी घेत नाही.

आणि हो, दर महिन्याला आमची नावंसुद्धा ओआयजीच्या एक्सक्लुजन लिस्टमधे, म्हणजे सरकारी आरोग्य योजनांच्या कामातून बंदी घातलेल्यांच्या यादीत, शोधून बघतात, कारण बंदी घातलेल्या माणसाने क्लेमच्या कामाला हात लावलेला चालत नाही, मग तो बसलेला हिंजवडीत का असेना. एकसारखं नाव निघालं तर जन्मतारीख जुळवून मगच मोकळं करतात. पटेल आणि शहा मंडळींना याचा ताप जास्त, आमच्या आडनावाचं तिकडे अजून कुणी सापडलेलं नाही.